जब्दीला कुणी विचारलं होतं?

एकोणीस वर्षांच्या किल्ल्या
मी कॉर्डिनर सरांच्या टेबलावर ठेवल्या.
एक ॲसिडच्या कपाटाची,
एक कशाची, ते मलाही कधी कळलं नाही.
ते म्हणाले, "मॉर्व्हेन, अजून विचार कर.
रसायनशास्त्राचे शिक्षक काही झाडाला लागत नाहीत."
आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.
समुद्रावरून आलेलं धुकं
मैदानातला एक गोलपोस्ट गिळून
दुसऱ्याकडे निघालं होतं.

विचार तर केला होता.
दरवर्षी वर्गात दाखवायचे मी:
ब्युरेटमधून थेंब, थेंब, काहीच नाही, थेंब,
मुलांच्या जांभया,
आणि मग एकाएकी सगळा फ्लास्क गुलाबी.
कुठल्या थेंबाने झालं?
"शेवटच्या" असं कुणी लिहिलं
की अर्धा गुण कापायचे.

तरी लोक शेवटचाच थेंब विचारतात.
म्हणून सांगते.
नोव्हेंबर, रात्रीचे अकरा, फ्रेझरबरा बंदर,
चिप्सच्या दुकानाच्या भिंतीला टेकून रोरी मेअर,
माझ्या शेवटच्या बाकावरचा.
आई रात्रपाळीला, मासळी कापायला.
मला म्हणाला, "मिस, तुम्ही इथे कशा?
शाळा तर सुटली."
ते तीन शब्द मी घरी आणले,
चहात बुडवून पाहिले,
विरघळेनात.

पाचारण हा शब्द मंडळीत फार स्वच्छ उच्चारतात.
माझ्या पाचारणाला तळणाच्या तेलाचा वास होता.
पगार निम्म्याहून कमी,
तोही तीनच वर्षं मंजूर.
पेन्शनचं पत्र दोनदा वाचून
मी फ्रीजवर लावलं, भाजीच्या यादीखाली.

बाबांना सांगायला रविवार निवडला.
चाळीस वर्षं उत्तर समुद्रावर:
हेरिंग, मग मॅकरेल, मग गुडघे.
मी म्हटलं, ते दोघे भाऊ आठवतात ना,
जाळी टाकून निघाले, तसंच आहे हे.
बाबांनी बशीतला बिस्किटाचा चुरा
एका बोटाने गोळा केला.
"आणि जब्दी?" म्हणाले.
"म्हातारा होडीतच राहिला की.
मांडीवर अर्धी शिवलेली जाळी,
पोरं किनाऱ्याने चाललेली, वळूनही न बघता.
त्याला कुणी विचारलं होतं?"

मला उत्तर आलं नाही.
इतकी वर्षं उत्तरं पुस्तकाच्या मागे असायची.

आता शुक्रवारी संध्याकाळी
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मी हीटर लावते,
टेबल-टेनिसची जाळी ताणते.
ती एका बाजूने लोंबतेच.
इथे हजेरीपट नाही,
कायद्याने यावं लागत नाही कुणाला,
दार उघडताना अजून पोटात गोळा येतो.
पहिल्या शुक्रवारी तिघं.
दुसऱ्या शुक्रवारी मी.
मग रोरी आला, चुलतबहिणीला घेऊन,
देवासाठी नाही, टोस्टसाठी.
सहा खाल्ले. सातवा तोंडात असताना विचारलं,
"मिस, तुम्ही प्रार्थना करता
तेव्हा समोरून काही येतं का?"
मी म्हटलं, "बहुतेक वेळा नाही."
"बरं," म्हणाला,
आणि हॉल बंद होईपर्यंत बसून राहिला.

काल बाबा आले. न सांगता.
टोपी काढली नाही, खुर्ची घेतली नाही.
टेबलाभोवती एक फेरी मारली,
कोटाच्या खिशातून जाळी विणायची सुई काढली,
जुनी, हाडासारखी पिवळी पडलेली,
आणि लोंबती बाजू शिवायला घेतली.
रोरी बॅट हातात धरून बघत उभा.
"अंगठा असा," बाबा त्याला म्हणाले, माझ्याकडे न पाहता.

निघताना दारात थांबले.
"मी अजून होडीतच आहे, सांगून ठेवतो."
मग थोड्या वेळाने,
"हा हीटर इतकाच तापतो का?"